मालक बदलला, गिऱ्हाईकाला कोणी विचारले?

हिंजवडी म्हटले की काचेच्या उंच इमारती, कंपन्यांच्या बसगाड्या आणि संध्याकाळी वाकडपर्यंत तुंबलेली वाहने डोळ्यांसमोर येतात. राजीव गांधी इन्फोटेक पार्कात ज्यांच्या नावाच्या मोठमोठ्या पाट्या आहेत, त्या कंपन्यांविषयी वर्तमानपत्रे रोज लिहितात. पण याच परिसरात, माणच्या रस्त्याला, मारुंजीला, वाकडला, भाड्याच्या दोन खोल्यांत चालणारे कितीतरी छोटे धंदे आहेत. त्यांत आपल्या बिरादरीतील होतकरू मुलेही आहेत. मोठ्या कंपनीत चार-सहा वर्षे नोकरी करायची, हात बसला की दोघा-तिघांनी मिळून स्वतःचे काही सुरू करायचे, असा हा साधा मार्ग. यांच्या अडचणींवर या पानावर क्वचितच लिहिले जाते. आज त्यांपैकी एका अडचणीविषयी लिहावे असे आम्हाला वाटते.

आमच्या परिचयातील अशीच एक तिघांची कंपनी आहे. दोघे आपले, तिसरा साताऱ्याकडचा मराठा मुलगा, कॉलेजपासूनचे दोस्त. सुमारे चाळीस गिऱ्हाइकांच्या वेबसाईट आणि ई-मेल हे लोक सांभाळतात. त्यांत सोलापूरच्या चादरींचा एक व्यापारी आहे, पुण्याच्या कॅम्पातील अत्तराचे दुकान आहे, दोन शाळा आहेत, एक नर्सिंग होम आहे, हज-उमऱ्याच्या सफरी काढणारे एक कार्यालय आहे. या सगळ्यांचा माल म्हणजे हिशेब, प्रवेशाचे अर्ज, पासपोर्टच्या प्रती, ऑर्डरी. तो सारा एका परदेशी कंपनीच्या सर्व्हरवर भाड्याने ठेवलेला. त्या कंपनीचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. गेल्या सात वर्षांत तिच्याबद्दल या मुलांची एकही तक्रार नव्हती. बिल साधे, दर ठरलेला, आणि रात्री दोन वाजता काही बिघडले तर पलीकडून खरोखरीचा माणूस उत्तर देई.

मग एके दिवशी सकाळी पत्र आले. आमची कंपनी अमुक मोठ्या कंपनीने विकत घेतली आहे, आम्ही फार आनंदात आहोत, तुमच्या सेवेत काहीही बदल होणार नाही, असा मजकूर. तिघांतील थोरला त्याच संध्याकाळी आमच्याकडे आला. "चाचा, आता काय करायचे? सगळे आजच्या आज दुसरीकडे हलवायचे का?" असा त्याचा प्रश्न. चेहरा असा, की जणू घरमालकाने कुलूप लावले आहे.

ज्या वाचकांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. क्लाउड म्हणजे आभाळात काही नसते. मुंबई, चेन्नई किंवा अमेरिकेतील एखाद्या मोठ्या गोदामात हजारो संगणक रात्रंदिवस चालू ठेवलेले असतात, आणि त्यांतील थोडी थोडी जागा महिन्याच्या भाड्याने दिली जाते. पूर्वी ज्याला स्वतःचा सर्व्हर घ्यायचा त्याला मशीन, वातानुकूलित खोली, जनरेटर आणि माणूस असे सगळे लागे. आज चारपाचशे रुपयांत महिन्याची सोय होते. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली भारतात तीन ठिकाणी आपली अशी केंद्रे सुरू केली, त्यांतील एक पुण्याचे. म्हणजे हा व्यवहार आपल्या दाराशी आलेला आहे, आणि शेजारचा वाणीसुद्धा नकळत त्याचा गिऱ्हाईक आहे.

आता विक्रीचे म्हणाल तर ती या धंद्यात नवी नाही. लिनोड नावाची अमेरिकन कंपनी २००३ साली ख्रिस्तोफर एकर यांनी काढली. छोट्या प्रोग्रामरांची ती लाडकी. २०१९ मध्ये तिने मुंबईत केंद्र उघडले तेव्हा आपल्याकडील अनेकांनी आनंदाने सामान तेथे हलवले. फेब्रुवारी २०२२ मध्ये अकामाई या बड्या कंपनीने ती सुमारे ९० कोटी डॉलरला घेण्याचे जाहीर केले. एप्रिल २०२३ पासून बहुतेक योजनांचे दर २० टक्क्यांनी वाढले. महिना १० डॉलरची मशीन १२ डॉलरची झाली. सर्वांत लहान, ५ डॉलरची योजना मात्र तशीच ठेवली. पुढे लिनोड हे नावही मागे पडत गेले. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नव्या मालकाने पैसा ओतून नवी केंद्रे उघडली, त्यांत चेन्नईचेही एक आहे. तेव्हा विक्री झाली की सेवा बुडालीच, असे मानण्याचे कारण नाही.

याहून जवळचे उदाहरण मुंबईचे आहे. भाविन आणि दिव्यांक या तुराखिया बंधूंनी १९९८ साली डायरेक्टी ही कंपनी सुरू केली. बिगरॉक आणि रिसेलरक्लब ही तिचीच अपत्ये. महाराष्ट्रातील कितीतरी छोट्या वेबसाईटवाल्यांनी आपले पहिले डोमेन यांच्याकडेच घेतले. २०१४ च्या आरंभी हा सारा भाग अमेरिकेतील एन्ड्युरन्स कंपनीकडे सुमारे ११ कोटी डॉलरला गेला. २०२१ मध्ये एन्ड्युरन्सलाच क्लिअरलेक या गुंतवणूकदार संस्थेने सुमारे ३०० कोटी डॉलरला घेतले आणि वेब डॉट कॉमशी जोडून न्यूफोल्ड डिजिटल असे नाव दिले. म्हणजे ज्या गिऱ्हाइकाने एकदाच, मुंबईच्या एका कंपनीशी व्यवहार केला, त्याचे घर सात वर्षांत दोनदा विकले गेले. त्याला पत्ते मात्र बदललेल्या बिलांवरून कळले.

याच एन्ड्युरन्सची आणखी एक हकीकत या धंद्यातल्या लोकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. २ ऑगस्ट २०१३ रोजी अमेरिकेतील प्रोवो येथील तिच्या केंद्रात बिघाड झाला. त्या दिवशी ब्लूहोस्ट, होस्टगेटर, होस्टमॉन्स्टर आणि जस्टहोस्ट अशा चार नावांच्या कंपन्यांची गिऱ्हाइके एकदमच अडकली. चार पाट्या, चार दर, चार जाहिराती, पण मालक एक आणि गोदामही एकच. होस्टगेटर तर आदल्याच वर्षी, २०१२ मध्ये, एन्ड्युरन्सने घेतली होती. एखादा व्यापारी धोका विभागावा म्हणून दोन दुकानांत माल ठेवतो आणि आग लागल्यावर त्याला कळते की दोन्ही दुकानांची भिंत एकच आहे, तसा हा प्रकार.

हिंजवडीच्या मोठ्या कंपन्यांनाही यातून सूट मिळालेली नाही. व्हीएमवेअरच्या सॉफ्टवेअरवर मोठमोठ्या कार्यालयांचे सर्व्हर चालत. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये ती कंपनी ताब्यात घेतली आणि महिन्याभरातच, डिसेंबरात, एकदा पैसे भरून कायमचा परवाना देण्याची जुनी पद्धत बंद केली. यापुढे वर्गणीच भरा, असे सांगितले. ज्यांच्याकडे वकिलांची फौज आहे त्यांनाही हिशेब नव्याने मांडावा लागला. मग तिघांच्या कंपनीने घाबरावे यात नवल ते काय?

तरीही आमचे मत असे, की भाववाढीची तक्रार ही या प्रकरणातली छोटी तक्रार आहे. महिन्याच्या भाड्यावर घेतलेल्या वस्तूचा करार महिन्यामहिन्याने नवा होतो, हे हनफी फिकहमधील इजाऱ्याचे जुने सूत्र आहे. पुढच्या महिन्यापासून भाडे वाढेल असे आधी कळवले, तर राहणारा राहतो, जाणारा जातो. मालकाने धंदा विकला यातही गैर काही नाही. वीस वर्षे राबून उभा केलेला धंदा विकून एखाद्याने स्वस्थ बसायचे ठरवले तर तो त्याचा हक्क आहे. त्याने जन्मभर आपल्यासाठी रात्री दोन वाजता जागावे अशी अपेक्षा करणे हाही जुलूमच. आमच्या तरुण मित्राला हे पटवायला अर्धा तास लागला, ही गोष्ट वेगळी.

खरी बाब दुसरी आहे. ती आहे अमानतीची.

हवाला हा शब्द आज उच्चारला की पोलिसांची धाड आणि नोटांच्या थैल्या आठवतात. मूळ अर्थ सरळ आहे: माझ्यावरचे देणे मी दुसऱ्याच्या अंगावर सोपवतो. पण हे सोपवताना ज्याचे येणे आहे त्याची रजामंदी लागते. यावर हनफी मसलकाचे आणि आपल्या कोकणातील वाचकांच्या शाफई मसलकाचे एकमत आहे. कारण उघड आहे. माणसामाणसात फरक असतो. एक वेळेवर देतो, दुसरा हेलपाटे घालायला लावतो. तसेच अमानतीचे. ज्याच्या भरवशावर ठेव ठेवली त्याने ती मालकाच्या परवानगीविना परक्याच्या हाती दिली आणि ती बुडाली, तर भरपाई त्याच्या माथी येते. आता सर्व्हरवरचा डेटा पाहा. वर्षाचे पैसे आगाऊ भरलेले असतील तर सेवा हे कंपनीवरचे देणे आहे, आणि त्यावरचे पासपोर्ट, प्रवेशअर्ज, हिशेब ही अमानत आहे. विक्रीच्या दिवशी दोन्ही एका हातातून दुसऱ्या हातात जातात. रजामंदी कोणाची घेतली? पत्रात तर केवळ आनंद कळवलेला होता. आम्ही मुफ्ती नाही, आणि अशा नव्या व्यवहारावर उलेमांनी सविस्तर बोलावे अशी आमची विनंती आहे. पण या कसोटीवर मुलांची अस्वस्थता पोरकट ठरत नाही, एवढे आम्हाला स्पष्ट दिसते.

देशाचा कायदा येथे काय म्हणतो? दुकानाचा गाळा भाड्याने असेल आणि मालकाने इमारत विकली, तर केवळ मालक बदलला म्हणून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ खालच्या छोट्या भाडेकरूला बाहेर काढता येत नाही. रविवार पेठेतला दुकानदार एवढे जाणून असतो. क्लाउडच्या भाडेकरूला असे काही छत्र नाही. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला. पण न्यायालयाने किंवा न्यायाधिकरणाने मंजूर केलेल्या विलीनीकरणासाठी माहिती हाताळायची असेल, तर त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये संमतीसह अनेक अटींतून सूट ठेवलेली आहे. म्हणजे नेमक्या ज्या वेळी गिऱ्हाइकाला विचारायला हवे त्याच वेळी न विचारण्याची मुभा! युरोपने निदान बाहेर पडण्याची वाट मोकळी केली. तेथील डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. त्यानुसार गिऱ्हाईक दुसरीकडे जायला निघाले तर क्लाउडवाल्याने मदत करायची, आणि जानेवारी २०२७ पासून त्या हलवाहलवीचे पैसे घ्यायचे नाहीत. आपल्या सरकारने व उद्योग संघटनांनी एवढे जरी मागून घेतले तरी हिंजवडीच्या छोट्या धंद्यांना मोठा दिलासा मिळेल.

येथपर्यंत आमचा तरुण मित्र मान डोलावीत होता. मग आम्ही त्याला एक प्रश्न विचारला. तुमच्या चाळीस गिऱ्हाइकांची डोमेन कोणाच्या नावावर आहेत?

तो गप्प झाला. चाळिसांपैकी एकतीस याच तिघांच्या कंपनीच्या नावावर होती. पासवर्ड यांच्याकडे, नूतनीकरणाची सूचना यांच्या ई-मेलवर. यात लबाडी अजिबात नव्हती. गिऱ्हाइकाला त्यातले काही समजत नाही, त्याला कशाला त्रास द्यायचा, या सद्हेतूने केलेले होते. पण उद्या या तिघांनी आपला धंदा दुसऱ्याला विकला तर? एखाद्याला दुबईत नोकरी लागून कंपनी मोडली तर? सोलापूरच्या व्यापाऱ्याने वीस वर्षे कमावलेले नाव कोणाच्या कागदावर आहे, हे त्याला स्वतःलाही माहीत नाही. परदेशी कंपनीने आपल्याला विचारले नाही म्हणून आपण रागावतो, आणि आपल्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत आपणही त्याच जागी बसलेले असतो.

डोमेन अडकले म्हणजे काय होते याचे मोठे उदाहरण नेट फॉर इंडियाचे आहे. ही आपल्याकडील जुनी, नामांकित कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कोणी विकत घेतली असती तर बरे, अशी तिच्या गिऱ्हाइकांची अवस्था झाली. नूतनीकरण होईना, दुसरीकडे नेण्यासाठी लागणारा संकेतांक मिळेना. फेब्रुवारी २०२१ मध्ये डोमेनचा जागतिक कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने तिची मान्यता काढून घेण्याची नोटीस दिली, आणि पुढे तिच्याकडची डोमेन दुसऱ्या नोंदणीकाराकडे, पब्लिक डोमेन रजिस्ट्रीकडे, सोपवण्यात आली. गंमत अशी की ही रजिस्ट्रीसुद्धा मूळची डायरेक्टीचीच, विकली गेलेली. अशा वेळी ज्याच्या स्वतःच्या नावावर नोंद असते त्याला निदान हा माल माझा, असे म्हणता तरी येते.

सूरह बकरामध्ये मुदतीचा देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे, हे आपल्यापैकी प्रत्येक जण जाणतो आणि दुकानाच्या उधारीला ते लावतोही. संगणकाच्या धंद्यात मात्र सगळे तोंडी. चाळीस गिऱ्हाइकांपैकी एकाशीही लेखी करार नव्हता! डोमेन कोणाचे, डेटाची प्रत कोणाकडे, धंदा बंद झाला किंवा विकला तर किती दिवस आधी कळवायचे, सामान कोणत्या स्वरूपात परत द्यायचे, एवढे एका कागदावर मराठीत लिहून दोघांनी सही करायला कितीसा वेळ लागतो?

सर्व्हर हलवायचा की नाही, यावर आम्ही त्याला थांबायला सांगितले. घाईत हलवण्यात मालक बदलण्यापेक्षा जास्त नुकसान होते. वेबसाईट एखादा दिवस बंद राहिली तर लोक चालवून घेतात. ई-मेल हरवले तर ऑर्डर जाते आणि कोणाला पत्ताही लागत नाही. नव्या जागेवरून पाठवलेले ई-मेल पहिले काही दिवस लोकांच्या कचरापेटीत पडतात, हा अनुभव या धंद्यात सर्वांचा आहे. हज-उमऱ्याच्या कार्यालयाचे काम रमजानच्या तोंडावर हलवायला निघणे म्हणजे तर आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणे. त्याआधी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या डेटाची एक पूर्ण प्रत वेगळ्या मालकाच्या जागेवर ठेवावी, आणि ती प्रत उघडून, चालवून पाहावी. न उघडलेला बॅकअप म्हणजे न मोजलेली गल्ल्यातली रक्कम. बिलाकडेही लक्ष हवे. बिल घेणाऱ्या कंपनीचे नाव बदलले की कार्डावर दिलेली जुनी परवानगी चालेलच असे नाही. रिझर्व्ह बँकेचे आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून कडक झालेले आहेत. पैसे असूनही बिल थकले आणि सर्व्हर बंद पडला, ही वेळ कोणावरही येऊ शकते. एवढे करून सहा महिने पाहावे. उत्तर द्यायला माणूस राहिला की नाही, दर किती वाढला, केंद्रे टिकली की नाही, हे तोवर समजेल. जायचे ठरलेच तर तेव्हा जावे, आणि जाताना नव्या कंपनीचा मालक कोण हेही पाहून घ्यावे, नाही तर प्रोवोची गत.

त्या मुलांनी दुसऱ्याच दिवसापासून फोन लावायला सुरुवात केली. बहुतेकांनी आधी कंटाळा केला. "तुमच्याकडेच राहू द्या, तुमच्यावर भरवसा आहे," असे अत्तरवाल्यांनी सांगितले. त्यांना दुकानात जाऊन समजवावे लागले. एका शाळेच्या संस्थाचालकांना वाटले की हे पैसे वाढवून मागण्याचे निमित्त आहे. सोलापूरच्या व्यापाऱ्याने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे उद्या मला तुम्हाला सोडून दुसऱ्याकडे जायचे झाले, तर मी जाऊ शकतो?"

जाऊ शकता, असे थोरल्याने सांगितले. व्यापाऱ्याने त्याच दिवशी पुढील दोन वर्षांचे पैसे पाठवले. हे लिहीपर्यंत एकतिसांपैकी तेवीस डोमेन आपापल्या मालकांच्या नावावर झालेली आहेत. आठ बाकी आहेत, त्यांत ती शाळाही आहे. सर्व्हर अजून जुन्याच जागी आहे. बिल मात्र नव्या नावाने येऊ लागले आहे.